कारखान्याच्या आवारात विसाव्याची जागा



या अंकाचे संपादकीय कशावर लिहायचे यावरून आमच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. रोजगार हमीची थकलेली मजुरी, दारूचे गुत्ते, वर्षानुवर्षे रेंगाळणारे पोटगीचे खटले हे सगळे समोर असताना विरंगुळ्याच्या जागेवर लिहायचे म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले नाहीत का, असे दोघी-तिघींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. तरीही मी हाच विषय धरून बसले, कारण राणीसावरगाव आणि आसपासच्या गावांत गेले वर्षभर बचत गटाच्या बैठकांमध्ये तो बायांनीच पुन्हा पुन्हा काढला. तो निघाला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारावरून.

आपला परभणी जिल्हा कापसाचा. मानवत, सेलू, परभणी या बाजारपेठा कापसावर वाढल्या आणि त्यांच्या कडेकडेने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. ज्यांनी ते आतून पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. उंच पत्र्याचे शेड, त्यात ओळीने मांडलेली सरकी काढण्याची यंत्रे, एका बाजूला रुईच्या गाठी बांधणारा प्रेस, आणि पुढे भले मोठे मोकळे आवार, जिथे हंगामात कापसाच्या गंज्या लागतात. दिवाळीच्या आसपास काम सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. कापूस सारणे, यंत्रात टाकणे, काडीकचरा वेचणे ही कामे बाया करतात. नाकातोंडाला पदर किंवा जुने धुडके गुंडाळून दिवसभर त्या फुफाट्यात उभ्या राहतात. हजेरी मुकादमाकडे. भाकरी खायची ती गंजीच्या आडोशाला, आणि तान्हे मूल असेल तर झोळी शेडच्या खांबाला. हंगाम संपला की पुढचे पाच-सहा महिने ते सगळे आवार, ते छप्पर, तिथली सावली आणि तिथले पाणी कुलपात पडून राहते.

आमच्या तालुक्यातल्या अशाच एका जिनिंगचे काम काही वर्षांपूर्वी कायमचे थांबले. यंत्रे विकली गेली, शेड राहिले. आज तिथे सकाळी मुले क्रिकेट खेळतात, दुपारी पत्त्यांचा डाव बसतो, अंधार पडला की बाटल्या फुटतात. ज्या बायांनी तिथे पंधरा-पंधरा हंगाम घालवले, त्या मात्र आता तिथून मान खाली घालून झपाझप जातात. मध्यंतरी त्या जागेचे प्लॉट पडणार अशी बातमी आली तेव्हा एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "ताई, घरात बसलं की कुणी ना कुणी हाका मारतंय. पारावर बसावं तर तिथं बाप्ये. चार बाया रस्त्याच्या कडेला बोलत उभ्या राहिल्या तर म्हणतेत, यांना कामं नाहीत का. मग बाईनं बसावं तरी कुठं, माय?"

बाईने बसावे कुठे, हा प्रश्न मला आपल्या चळवळीचा प्रश्न वाटतो. कामाच्या जागेत बाईला मजूर म्हणून प्रवेश आहे, पण माणूस म्हणून चार घटका टेकायला त्याच आवारात जागा नाही. कारखाना चालू असताना नाही, हंगाम संपल्यावर नाही, बंद पडल्यावर तर नाहीच. उद्योगाची इमारत आणि लोकांच्या विसाव्याची जागा एकत्र नांदू शकते, हे जगात ठिकठिकाणी दिसून आले आहे. आपण विचारायचे ते एवढेच की, ती जागा झाली तर तिची किल्ली कोणाच्या हातात असेल?

बाईचे काम आणि तिचा विरंगुळा एकाच जागी असणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आपले गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मगाव. दासी म्हणून राबणाऱ्या या बाईची ओळख महाराष्ट्राला आहे ती दळणकांडणातून उमटलेल्या अभंगांमुळे. तिच्यानंतरही शेकडो वर्षे पहाटेचे जाते ही बायांची श्रमाची जागा होती आणि मन मोकळे करण्याचीही. सासरचा जाच, माहेरची ओढ, नवऱ्याचा मार, देवाशी भांडण हे सगळे ओवीत यायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यावरून बायांजवळ बोलण्यासारखे किती साठले होते याचा अंदाज येतो. पुढे पिठाची गिरणी आली. दळणाचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ते एकदा पहाटे ओढून पाहावे. पण गिरणीने कष्ट घेतले तेव्हा त्या कष्टाला लागून असलेली बोलण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात काही मिळाले नाही. वाचलेल्या वेळात बाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली, जिनिंगवर गेली, कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेली.

केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, बिनमोलाचे घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे दिसले. पुरुषांचा आकडा ८८ मिनिटांचा आहे. म्हणजे बाहेरची मजुरी करून आल्यावर बाईपुढे आणखी जवळपास पाच तासांचे काम उभे असते. तिच्या वाट्याची फुरसत कुठे गेली, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला 'कामगार कल्याण' असा एक भाग होता. त्यात १९४८ चा कारखाना कायदा होता आणि त्यातली कलमे आम्ही परीक्षेपुरती पाठ केली. तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर पाळणाघर, दीडशेपेक्षा जास्त कामगार असतील तर विश्रांतीची खोली, अडीचशेच्या वर असतील तर उपाहारगृह. त्याच कायद्यात एक कलम खास कापसाच्या प्रेसबद्दल होते. कापूस मोकळा करणारे यंत्र जिथे चालू आहे, त्या भागात बाई आणि मूल यांना कामाला ठेवायचे नाही. मध्ये पक्की भिंत असेल तर फक्त कापूस घालण्याच्या बाजूला बायांना ठेवता येईल. कायदा करणाऱ्यांना प्रेसमध्ये बाई असते हे ठाऊक होते आणि धोका कुठे आहे हेही ठाऊक होते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांनी जुन्या कायद्याची जागा घेतली आहे. नव्या संहितेत पाळणाघरासाठी बायांची संख्या न मोजता एकूण पन्नासपेक्षा जास्त कामगार ही अट आहे, आणि विश्रांतीच्या खोलीची अटही पन्नासवर आली आहे. कागदावर ही सुधारणा आहे. प्रत्यक्षात हंगामी, मुकादमाच्या वहीतल्या बाया हजेरीपत्रकावर येतच नाहीत, आणि मग कारखान्यात 'पन्नास कामगार' कधी भरतच नाहीत. म्हणून विश्रांतीच्या खोलीची मागणी करायची तर सुरुवात हजेरीपत्रकापासून करावी लागते.

कारखाना बंद पडल्यावर त्या जागेचे काय होते, याचा सगळ्यात मोठा धडा मुंबईच्या गिरणगावाने दिला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तिथल्या गिरणी कामगारांमध्ये पाचांत सुमारे एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग खाती बायांचीच. पुढे नवी यंत्रे आली, रात्रपाळीची बंदी आणि बाळंतपणाचे लाभ ही निमित्ते झाली आणि मालकांनी बायांना हळूहळू बाहेर काढले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तोवर गिरणीच्या आत बाया थोड्याच उरल्या होत्या. पण गिरणगाव त्यांच्याच जिवावर जगत होते. संपाच्या आधीपासून कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच वस्तीत.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळ मानाने असे ठरवले होते की, विकासाला निघालेल्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला बागा आणि मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेला मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ साली सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून लोकांसाठी सलग मोकळ्या जागा कशा काढता येतील हे मांडले होते. मग २००१ साली नियमात एक बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता, ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीची करायची. गिरणी म्हणजे मुळात बहुतेक बांधकामच, त्यामुळे वाटणीला येणारी जमीन एकदम आकसली. उच्च न्यायालयाने २००५ साली हा बदल सरकारने लावला तसा मानला नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो उचलून धरला. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांचा अर्थ बदलला आणि लाखो लोकांची मैदाने गेली.

विरंगुळा मात्र गिरण्यांत आला. फिनिक्स गिरणीच्या आवारात आधी बोलिंगचा खेळ आला, मग मॉल आला. कमला मिलच्या आवारात कार्यालये आणि गच्चीवरची उपाहारगृहे आली. तिथे २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागून चौदा जण मेले, त्यांतल्या अकरा बाया होत्या. मौजेसाठी बाहेर पडलेल्या या बायांबद्दल कोणी 'रात्री तिथे गेल्याच कशाला' असे म्हणत असेल तर त्याला आपण ठणकावून सांगायला हवे की, दोष बाहेर पडण्याचा नव्हता. जुन्या औद्योगिक इमारतीत माणसे जमवायची तर बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या हव्यात, छपरावर पेट घेणारे सामान नको, तपासणी खरी हवी. पैसे देणाऱ्यांचा विरंगुळा असो की फुकटाचा, ही अट सगळीकडे सारखीच आहे. आपल्याकडच्या जिनिंगच्या शेडला ती दुप्पट लागू आहे, कारण कापसाची आग आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

मुंबईत जे झाले नाही, ते दुसरीकडे एका बाईने करून दाखवले आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात लोखंडी पिंपे तयार करण्याचा एक जुना कारखाना होता. तो पाडून तिथे नवे केंद्र बांधावे असा विचार चालला होता. लीना बो बार्दी या स्थापत्यकार बाईकडे १९७७ साली ते काम आले. त्या एका शनिवारी तिथे गेल्या तर रिकाम्या शेडमध्ये मुले धावत होती, आया काहीतरी भाजत होत्या, म्हातारी माणसे बसली होती. लोकांनी परवानगी न मागताच ती जागा आपली करून घेतली होती. हे असेच चालू राहिले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. शेड पाडले नाहीत. आत वाचनालय, नाटकघर, हातकामाच्या कार्यशाळा, स्वस्त जेवणाची खानावळ केली, आणि बाकीची जागा निवांत बसायला सोडून दिली. १९८२ साली ते केंद्र उघडले आणि आजही चालू आहे. ते चालवणारी संस्था १९४६ सालापासून व्यापारी मालकांकडून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या वर्गणीवर उभी आहे. कोणाच्या देणगीवर किंवा मर्जीवर ती अवलंबून नाही, हे महत्त्वाचे.

चालू कारखान्यातही हे करता येते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथे कचरा जाळून वीज आणि ऊब तयार करणारा एक प्रचंड कारखाना आहे. त्याचे छप्पर मुद्दाम उतरते बांधले असून २०१९ पासून लोक त्यावर चढायला, फिरायला, घसरण्याचा खेळ खेळायला जातात. खाली भट्ट्या चालू असतात. तो थाट आपल्याला परवडणारा नाही आणि आपल्याला त्याची गरजही नाही. पण 'कारखाना म्हणजे बाहेरच्यांना मज्जाव' हा काही निसर्गनियम नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

पैसा कुठून येणार, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात त्यासाठीची व्यवस्था कधीच झालेली आहे. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला. वर्षातून दोनदा कामगार आणि मालक दोघांची वर्गणी त्यात जाते आणि त्यातून कामगार कल्याण केंद्रे, ललित कला भवने, वाचनालये, शिवणवर्ग चालतात. म्हणजे कामगाराचा विरंगुळा हा त्याच्या हक्काचा भाग आहे, हे या राज्याने सत्तर वर्षांपूर्वी मान्य केले आहे. फक्त ज्या बाईचे नाव हजेरीवर नाही, तिची वर्गणीही नाही आणि तिच्यासाठी केंद्रही नाही. साखर कारखान्यांचेच पाहा. कित्येक कारखान्यांच्या आवारात बाग आहे, सभागृह आहे, शाळा आहे, गणपतीचे मंदिर आहे. आपल्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया त्या भिंतीबाहेर पाचटाच्या कोपीत चार-पाच महिने काढतात. तिथे अंघोळीला आडोसा नसतो, मग बागेचे नाव कोण काढणार?

आता आपल्यातल्याच काहीजणींच्या आक्षेपाकडे येते. त्या म्हणतात, बंद कारखाना पुन्हा चालू करा, बायांना काम द्या, बाग-बगीचा नंतर. मला ही निवडच मान्य नाही. काम हवेच. पण 'आधी पोट, मग बाकीचे' असे म्हणत आपण बायांना कायम पोटाशीच बांधून ठेवले आहे. पुरुषांच्या बाबतीत कोणी असे म्हणत नाही. गावात रोजगार असो-नसो, पार असतो, तालीम असते, चहाची टपरी असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायांच्या सार्वजनिक वावराबद्दल लिहिताना हेच मांडले की, बाईला बाहेर दिसायचे तर हातात काहीतरी काम दाखवावे लागते. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. खेड्यात तर हे जास्तच खरे आहे. आणि बाया निवांत बसल्या की काय होते हे आपण बचत गटांत पाहिलेच आहे. मारहाणीची गोष्ट, लपवलेला आजार, मुलीच्या लग्नाची घाई हे सगळे हप्ते भरून झाल्यावर, चहा पिताना बाहेर पडते. आपल्या कित्येक लढ्यांची सुरुवात अशा रिकाम्या बसण्यातच झालेली आहे.

तेव्हा करायचे काय? बैठकांमधून ज्या मागण्या पुढे आल्या त्या इथे मांडते.

पहिली गोष्ट, चालू जिनिंगमध्ये हजेरीपत्रकावर प्रत्येक बाईचे नाव लागले पाहिजे आणि त्या आधारे पाळणाघर, स्वच्छतागृह आणि धुळीपासून दूर असलेली विश्रांतीची खोली मिळाली पाहिजे.

दुसरी, हंगाम संपल्यावर निदान आवाराचा काही भाग ठरावीक वेळी बायामुलांसाठी उघडावा, याबद्दल ग्रामपंचायतीने मालकाशी लेखी करार करावा. शेडची विजेची आणि आगीची तपासणी झाल्याशिवाय मात्र कोणी आत जाऊ नये.

तिसरी, बंद जिनिंगचे प्लॉट पडत असतील तर गप्प बसू नये. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना किमान दहा टक्के जागा विरंगुळ्यासाठी मोकळी सोडावी लागते. नकाशात ती दाखवलेली असते. तिलाच गावात 'ओपन स्पेस' म्हणतात आणि पुष्कळदा तिच्यावर आधी ढिगारे पडतात, मग कोणाचा तरी सभामंडप उभा राहतो. नकाशाची प्रत मागा, ती जागा पायाने मोजा.

चौथी, नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. तिथे ठराव करा की, त्या मोकळ्या जागेवर सावलीची झाडे, पाणी, स्वच्छतागृह, उजेड आणि बसायला ओटे असावेत, आणि तिची व्यवस्था बायांच्या समितीकडे असावी. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या खुर्च्यांचा उपयोग अशा कामी व्हायला हवा. आणि समितीत दलित, भटक्या आणि मुसलमान वस्तीतल्या बाया नसतील, तर ती जागा पुन्हा गावाच्या पारासारखीच होईल, फक्त पुरुषांऐवजी वरच्या घरांतल्या बायांची.

आमच्या गटाने तिसऱ्या मागणीपासून सुरुवात केली आहे. त्या जागेच्या नकाशासाठी अर्ज दिला आहे, उत्तर यायचे आहे. त्या जिनिंगमध्ये काम केलेल्या बायांची नावे, कोणी किती हंगाम केले, याची यादी आम्ही वहीत लिहून काढत आहोत. मालकाच्या कागदावर त्या कधीच नव्हत्या, निदान आपल्या कागदावर तरी याव्यात. यादी करायला बसलो की नावे आठवता आठवता तास दीड तास जातो. कोणी कोणाच्या लेकराला झोळीत झोके दिले, कोणाचा पदर पट्ट्यात अडकता अडकता वाचला, हे सगळे निघते. घरी जायची घाई त्या दिवशी कोणी करत नाही.

तुमच्या गावात, तालुक्यात अशी जागा असेल, जिनिंग, सूतगिरणी, तेलघाणी, दूध शीतकरण केंद्र, काहीही, तर तिथे किती बाया काम करत होत्या किंवा करतात, जागा आज कोणाच्या ताब्यात आहे, आणि बायांना तिथे जाता येते का, एवढे तीनच प्रश्न विचारून आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती माहिती गावांच्या नावांसह छापू, म्हणजे एका गावाच्या ठरावाचा दुसऱ्या गावाला आधार होईल.

तुमचीच,
संपादक मंडळाच्या वतीने, राणीसावरगाव